नेट झिरोचा संकल्प कामात उतरवताना : उद्योगांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेट झिरोची घोषणा करायला एक बैठक पुरते. पण ती खरी करायची तर खरेदी, देखभाल, वित्त, डिझाइन, वाहतूक अशा प्रत्येक विभागाचं रोजचं काम बदलावं लागतं. ज्यांची घोषणा झाली आहे आणि ‘आता पुढे काय’ या प्रश्नापाशी जे थांबले आहेत, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरं आहेत.

घोषणा करून आम्ही नेमकं काय कबूल केलं आहे?

दोन गोष्टी कबूल केल्या आहेत. एक, तुमच्या कामकाजातून आणि तुमच्या मालाच्या मागच्या-पुढच्या साखळीतून होणारं हरितगृह वायूंचं उत्सर्जन जवळजवळ संपवायचं. दोन, जे थोडं काही केल्या संपत नाही, तेवढा कार्बन हवेतून काढून दीर्घकाळ साठवून ठेवायचा. सायन्स बेस्ड टार्गेट्स इनिशिएटिव्ह म्हणजे एसबीटीआय या संस्थेने ऑक्टोबर २०२१ मध्ये कंपन्यांसाठी नेट झिरोचं मानक प्रसिद्ध केलं. बहुतेक क्षेत्रांत किमान ९० टक्के घट प्रत्यक्ष कपातीतून यावी, अशी त्यात अट आहे. हवेतून काढण्याच्या वाट्याला उरतात ते फार तर दहा टक्के.

हे प्रमाण संचालक मंडळासमोर पहिल्याच बैठकीत स्पष्ट मांडा. ‘थोडी कपात करू, बाकीची कार्बन क्रेडिट (म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कपातीची प्रमाणपत्रं) विकत घेऊ’ या समजुतीवर सही झाली असेल, तर पुढची सगळी अंदाजपत्रकं चुकीच्या पायावर उभी राहतात.

आणखी एक. हा हिशेब फक्त कार्बन डायऑक्साइडचा नाही. मिथेन, नायट्रस ऑक्साइड आणि शीतकरणात वापरले जाणारे फ्लोरिनयुक्त वायूही त्यात येतात.

२०५० हेच वर्ष का?

तापमानवाढ १.५ अंश सेल्सियसवर रोखायची तर जगाचं कार्बन डायऑक्साइडचं निव्वळ उत्सर्जन २०३० पर्यंत २०१० च्या तुलनेत सुमारे ४५ टक्क्यांनी घटायला हवं आणि २०५० च्या सुमारास शून्यावर यायला हवं, असं आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक तज्ज्ञ मंडळाच्या २०१८ च्या विशेष अहवालात मांडलं गेलं. तिथून हे वर्ष रूढ झालं.

पण शेवटच्या वर्षापेक्षा मधली वाट महत्त्वाची आहे. कार्बन डायऑक्साइड शेकडो वर्षं वातावरणात राहतो, त्यामुळे तापमान ठरतं ते आजवर साठलेल्या एकूण कार्बनवर. एक कंपनी आजपासून दरवर्षी सारख्या प्रमाणात खाली येत गेली आणि दुसरी २०४९ पर्यंत होती तिथेच राहून अचानक शून्यावर आली, असं समजा. २०५० मध्ये दोघींचा आकडा सारखाच दिसेल, पण दुसरीने पहिलीच्या साधारण दुप्पट कार्बन हवेत सोडलेला असेल. म्हणून पाच ते दहा वर्षांचं जवळचं लक्ष्य नसलेल्या संकल्पाला मी संकल्प मानत नाही.

स्कोप १, २ आणि ३ म्हणजे काय?

ही विभागणी ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉल या उत्सर्जन मोजण्याच्या मानकातली आहे. त्याची पहिली आवृत्ती २००१ मध्ये आली. तुमच्या बॉयलर, भट्ट्या, गाड्या आणि गळणारे वायू यांतून थेट होणारं उत्सर्जन म्हणजे स्कोप १. विकत घेतलेल्या विजेमागचं किंवा वाफेमागचं उत्सर्जन म्हणजे स्कोप २. बाकी सारं स्कोप ३ मध्ये येतं : कच्चा माल, वाहतूक, कर्मचाऱ्यांचा प्रवास, विकलेल्या वस्तूचा वापर आणि शेवटी तिची विल्हेवाट. त्याचे १५ प्रकार केलेले आहेत.

बहुतेक व्यवसायांचं सर्वांत मोठं ओझं स्कोप ३ मध्येच असतं. इंधनावर चालणारी गाडी बनवणाऱ्या कंपनीचं बहुतांश उत्सर्जन गाडी विकून झाल्यावर, ती रस्त्यावर धावताना होतं. बँकेचं होतं तिने दिलेल्या कर्जांमधून. त्यामुळे ‘आमच्या कार्यालयांचं नेट झिरो झालं’ असं बँकेने सांगणं म्हणजे मुख्य विषयाला हातच न लावणं.

आधारवर्ष कोणतं धरावं?

आधारवर्ष म्हणजे ज्या वर्षाशी पुढच्या घटीची तुलना करायची ते. ज्या वर्षाची आकडेवारी विश्वासार्ह आहे आणि ज्यात व्यवसाय नेहमीसारखा चालला, असं अलीकडचं वर्ष घ्या. २०२० बहुतेकांनी टाळावं, कारण महामारीमुळे ते वर्ष सर्वसाधारण नव्हतं. नंतर एखादी कंपनी विकत घेतली किंवा विभाग विकला, तर आधारवर्षाचा आकडाही नव्याने काढायचा. नाहीतर कारखाना दुसऱ्याला विकून ‘कपात’ दाखवता येते, आणि हवेला त्याचा काहीच फायदा होत नाही.

पुरवठादार माहितीच देत नाहीत. स्कोप ३ चं काय करायचं?

सुरुवातीला खर्चावरून अंदाज काढावा लागतो, म्हणजे अमुक रकमेचं पोलाद घेतलं तर सरासरी इतकं उत्सर्जन, अशा पद्धतीने. ओझं कुठे आहे हे समजण्यापुरता तो ठीक आहे. पण या अंदाजावर वर्षानुवर्षं विसंबून राहणं धोक्याचं आहे. पुरवठादाराने भट्टी बदलून उत्सर्जन निम्मं केलं तरी तुमच्या हिशेबात फरक पडत नाही, आणि त्याने भाव वाढवला तर काहीही जास्त न जाळता तुमचं उत्सर्जन वाढलेलं दिसतं. चांगलं काम दिसूच नये अशी ही पद्धत आहे. म्हणून मोठ्या बाबींचे आकडे लवकरात लवकर प्रत्यक्ष वजन, प्रत्यक्ष वीज आणि प्रत्यक्ष इंधन यांवर आणा.

सगळ्यांच्या मागे एकदम लागू नका. खरेदीची यादी उत्सर्जनाच्या क्रमाने लावली की वरचे थोडेच पुरवठादार बहुतेक ओझं उचलताना दिसतात. त्यांच्याशी खरेदी विभागाच्या प्रमुखाने स्वतः बोलावं. प्रश्नावली पाठवून बदल होत नाही. लहान पुरवठादाराकडे अशा दहा ग्राहकांच्या दहा वेगवेगळ्या प्रश्नावल्या आधीच पडलेल्या असतात आणि त्या भरायला वेगळा माणूस ठेवणं त्याला परवडत नाही. त्याला हवं असतं ते वेगळंच : लांब मुदतीचा करार, वेळेवर पैसे, तांत्रिक मदत आणि स्वस्त कर्जासाठी तुमचा शब्द. लांब मुदतीचा करार हातात असला की त्याची बँक नव्या यंत्रासाठी कर्ज द्यायला तयार होते. दरवर्षी नव्याने निविदा काढून शेवटच्या पैशापर्यंत भाव पाडायचा आणि त्याच पुरवठादाराकडून नव्या भट्टीची अपेक्षा करायची, हे एकत्र जमत नाही.

मोठ्या खरेदीदाराने मनावर घेतलं तर साखळी हलते. वॉलमार्टने २०१७ मध्ये ‘प्रोजेक्ट गिगाटन’ सुरू केला. पुरवठा साखळीतलं एक अब्ज टन उत्सर्जन २०३० पर्यंत टाळायचं, असं त्याचं उद्दिष्ट होतं, आणि ते मुदतीआधीच गाठल्याचं कंपनीने २०२४ मध्ये जाहीर केलं. हा आकडा पुरवठादारांनी स्वतः कळवलेल्या कामांच्या बेरजेचा आहे, हेही लक्षात ठेवायला हवं.

कारखान्यात कपातीची सुरुवात कुठून करावी?

जिथे ऊर्जा फुकट जाते आहे तिथून. हे काम दिमाखदार नाही, त्याचे फोटो छान येत नाहीत, आणि म्हणूनच ते वर्षानुवर्षं पडून राहतं.

कॉम्प्रेस्ड हवेचं उदाहरण घ्या. देखभाल नीट नसेल तर तयार केलेल्या हवेपैकी २० ते ३० टक्के हवा सांध्यांतून आणि फाटक्या नळ्यांतून निघून जाते. कॉम्प्रेसर ती भरून काढायला रात्रंदिवस चालत राहतो. सुट्टीच्या दिवशी कारखाना शांत असताना एक फेरी मारली तर या गळत्या नुसत्या कानांनी सापडतात. वाफेच्या जाळ्यात बिघडलेले स्टीम ट्रॅप (वाफ अडवून फक्त पाणी बाहेर सोडणाऱ्या झडपा) आणि उघड्या पडलेल्या नळ्या, हीच गोष्ट. पंखे आणि पंपांत तर भौतिकशास्त्रच आपल्या बाजूने आहे. पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, म्हणून वेग २० टक्क्यांनी उतरवला की शक्ती जवळपास निम्मी होते. तरीही असंख्य ठिकाणी मोटर पूर्ण वेगाने फिरत असते आणि पुढे डॅम्पर, म्हणजे हवेची झडप, अर्धा बंद करून हवा अडवलेली असते. तिथे व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग गरजेनुसार बदलणारं उपकरण, बसवणं हा सहसा सर्वांत सोपा निर्णय असतो.

मग उष्णतेकडे या. बऱ्याच प्रक्रियांना ६० ते ९० अंशांचंच पाणी लागतं, आणि त्यासाठी आपण कितीतरी जास्त तापमानाची ज्योत पेटवतो. अशा ठिकाणी हीट पंप एका युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता देऊ शकतो. तो उष्णता तयार करत नाही, वाया जाणारी उष्णता उचलून वरच्या तापमानाला नेतो. चिलरमधून बाहेर टाकलेली उष्णता शेजारच्याच धुलाई विभागात वापरता येते का, हे तपासण्यासाठी बाहेरचा सल्लागार लागत नाही. दोन विभागांचे पर्यवेक्षक एकत्र बसवले तरी पुरतं.

रेफ्रिजरंटकडे, म्हणजे शीतकरणाच्या यंत्रांतल्या वायूकडे, विशेष लक्ष द्या. शीतगृहांमध्ये वापरला जाणारा आर-४०४ए हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे ३,९०० पट तापमानवाढ करतो. म्हणजे दहा किलो गळती ३९ टनांच्या बरोबरीची. वायू पुन्हा भरणाऱ्या कंत्राटदाराने दरवेळी किती किलो भरला याची नोंद ठेवलीत, तर गळती कुठे आहे ते आपोआप कळेल. अशा वायूंचा वापर टप्प्याटप्प्याने घटवण्याचं माँट्रियल कराराच्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीत ठरलं आहे, त्यामुळे नवीन यंत्रणा घेताना अमोनिया, कार्बन डायऑक्साइड किंवा प्रोपेनवर चालणारे पर्याय आधी पाहा.

यंत्रं वीस-पंचवीस वर्षं टिकतात. चालू यंत्र मोडीत काढायचं का?

सहसा नाही. पण ते बदलण्याची वेळ येईल तेव्हा काय घ्यायचं, हे आज ठरवा. माझ्या मते सगळ्या संकल्पाचं मर्म इथे आहे. आज बसवलेला गॅसचा किंवा कोळशाचा नवा बॉयलर २०५० च्या जवळपासपर्यंत चालेल. तो घेताना काढलेली खरेदीची ऑर्डर हेच तुमचं खरं हवामान धोरण असतं, मग वार्षिक अहवालात काहीही लिहिलेलं असो.

म्हणून इंधन जाळणाऱ्या किंवा भरपूर वीज खाणाऱ्या प्रत्येक यंत्राची नोंदवही करा. कधी घेतलं, कधीपर्यंत चालेल, काय जाळतं, त्याच्या जागी काय येऊ शकतं. प्रत्येक यंत्रासमोर बदलाचं वर्ष लिहिलं की नेट झिरोचा आराखडा जवळजवळ तयार होतो, आणि कोणत्या वर्षी किती भांडवल लागेल हेही वित्त विभागाला कळतं. मग खरेदीच्या नियमात एक ओळ घाला : जुन्यासारखंच इंधनावरचं यंत्र घ्यायचं असेल, तर कारण लेखी द्यायचं आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची सही घ्यायची.

एका प्रसंगाची तयारी आधीच करावी लागते. बॉयलर बहुतेकदा ठरल्या वर्षी बंद पडत नाही, तो ऐन हंगामात फुटतो. उत्पादन थांबलेलं असतं आणि दोन दिवसांत जे मिळेल ते, म्हणजे पहिल्यासारखंच, विकत घेतलं जातं. पंचवीस वर्षांचा निर्णय असा दोन दिवसांत होऊन जातो. हे टाळायचं तर पर्यायी यंत्रणेचं डिझाइन, जागा आणि पुरवठादार आधीच ठरलेले हवेत. मुख्य म्हणजे वाढीव वीजभार आधी मंजूर करून घ्या. नवा ट्रान्सफॉर्मर आणि जोडणी मिळायला यंत्रापेक्षा जास्त वेळ लागू शकतो, आणि विजेवर जाण्याचे कितीतरी बेत तिथेच अडतात.

हरित विजेची प्रमाणपत्रं घेतली की स्कोप २ शून्य होतं ना?

कागदावर होऊ शकतं. ही प्रमाणपत्रं म्हणजे तेवढी वीज कुठेतरी अक्षय स्रोतांतून तयार झाल्याचा विकत मिळणारा दाखला. ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉलच्या २०१५ पासूनच्या मार्गदर्शक नियमांनुसार स्कोप २ दोन पद्धतींनी मांडायचं असतं. एकात तुमच्या भागातल्या ग्रिडची सरासरी धरतात, दुसऱ्यात तुम्ही केलेले करार. दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापा. पहिला मोठा आणि दुसरा शून्य असेल, तर शून्य कशामुळे आलं ते वाचणाऱ्याला कळायला हवं.

जुन्या जलविद्युत प्रकल्पाची स्वस्त, सुटी प्रमाणपत्रं घेतल्याने नवीन काहीच उभं राहत नाही. आपल्या छतावर किंवा जागेत सौरऊर्जा, त्यानंतर नव्या प्रकल्पाशी दहा-पंधरा वर्षांचा वीजखरेदी करार, आणि शेवटी प्रमाणपत्रं, असा क्रम मी सुचवेन. नव्या प्रकल्पाला कर्ज मिळतं ते अशा दीर्घ कराराच्या जोरावर. त्यापुढची पायरी म्हणजे तासातासाचा मेळ घालणं. वर्षाची बेरीज जुळली तरी रात्री तुमचा कारखाना कोळशाच्याच विजेवर चालत असू शकतो. जी कामं दुपारी करता येतील ती दुपारी हलवणं, हा त्यावरचा बिनखर्चाचा उपाय आहे.

पैसा कुठून आणायचा?

पहिल्या टप्प्यातली बचत वेगळ्या खात्यात ठेवा आणि दुसऱ्या टप्प्याला द्या. ती सर्वसाधारण नफ्यात मिसळली की पुन्हा हाती लागत नाही.

दुसरा मार्ग कंपनीअंतर्गत कार्बन दराचा. मायक्रोसॉफ्ट २०१२ पासून आपल्या विभागांकडून त्यांच्या उत्सर्जनानुसार शुल्क वसूल करते. काही कंपन्या शुल्क घेत नाहीत, पण नव्या प्रकल्पाचा हिशेब करताना प्रत्येक टनामागे एक काल्पनिक दर धरतात. हा दर एखादा निर्णय बदलण्याइतका मोठा हवा. तीन वर्षांत एकही प्रकल्प त्याच्यामुळे बदलला नसेल, तर दर वाढवा.

शिवाय ‘दोन वर्षांत पैसे परत आले पाहिजेत’ हा नियम पंचवीस वर्षांच्या यंत्राला लावू नका. संपूर्ण आयुष्यातला खर्च पाहा, इंधनाचे भाव वरखाली होण्याची जोखीमही त्यात धरा.

जबाबदारी कोणाची?

‘सस्टेनेबिलिटी’ विभागाची एकट्याची नाही. त्या विभागाकडे अहवाल असतो, पण खरेदीचा अधिकार नसतो. लक्ष्य वाटून द्या : कारखाना प्रमुखाला स्कोप १ चं, खरेदी प्रमुखाला पुरवठा साखळीचं, डिझाइन प्रमुखाला वस्तूच्या वापरातल्या उत्सर्जनाचं. त्यांचा बोनस त्याला जोडा आणि आकडे विक्रीच्या आकड्यांबरोबरच दर तिमाहीला पाहा.

झाडं लावली किंवा कार्बन क्रेडिट घेतली तर चालेल का?

कपातीच्या बदल्यात चालणार नाही. कॅथरीन मॅकेना यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ गटाने नोव्हेंबर २०२२ च्या अहवालात हे स्पष्ट सांगितलं आहे. कोळसा जमिनीत कोट्यवधी वर्षं बंदिस्त होता. त्याचा धूर झाडात साठवला, तर तो वणवा, कीड किंवा कुऱ्हाड येईपर्यंतच साठतो. जंगल राखायला पैसे जरूर द्या, ते मोलाचं काम आहे. फक्त ते स्वतःच्या उत्सर्जनातून वजा करू नका, वेगळ्या ओळीत दाखवा.

हवेतून थेट कार्बन शोषणारी यंत्रं आहेत, पण त्यांचा आवाका अजून फार लहान आहे. आइसलँडमध्ये २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘ओर्का’ प्रकल्पाची क्षमता वर्षाला ४,००० टन धरलेली होती. जीवाश्म इंधनांतून जग वर्षाला ३७ अब्ज टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतं. हे तंत्रज्ञान शेवटच्या अटळ टनांसाठी राखून ठेवायचं आहे.

सिमेंट, पोलाद, जहाजवाहतूक यांना हे जमेल का?

अवघड आहे. सिमेंटमध्ये सुमारे ६० टक्के उत्सर्जन इंधनातून नव्हे, तर चुनखडी तापवल्यावर तिच्यातूनच बाहेर पडतं, त्यामुळे नुसती हरित वीज पुरत नाही. क्लिंकरचं, म्हणजे चुनखडी भाजून होणाऱ्या सिमेंटच्या मुख्य घटकाचं, प्रमाण घटवणं हा आजच हाती असलेला मार्ग आहे. भाजलेली चिकणमाती आणि चुनखडी मिसळून केलेल्या एलसी-३ सिमेंटमध्ये उत्सर्जन ४० टक्क्यांपर्यंत घटू शकतं. पोलादात स्वीडनच्या ‘हायब्रिट’ प्रकल्पाने कोळशाऐवजी हायड्रोजन वापरून स्पंज आयर्न तयार करून दाखवलं आणि त्यापासून केलेलं पोलाद २०२१ मध्ये व्होल्वोला दिलं. मेर्स्क या जहाज कंपनीने २०२३ मध्ये मिथेनॉलवर चालू शकणारं पहिलं कंटेनर जहाज उतरवलं.

या तिन्ही क्षेत्रांत आगाऊ मागणी नोंदवणारा ग्राहक लागतो. तुम्ही इमारत बांधत असाल, तर निविदेत कमी क्लिंकरच्या सिमेंटची अट घालणं पूर्णपणे तुमच्या हातात आहे.

आमचा व्यवसाय लहान आहे. एवढं सगळं करावं लागेल?

नाही. वर्षभराची वीजबिलं, इंधनाच्या पावत्या आणि एसीत भरलेल्या वायूची नोंद एवढ्यावर स्कोप १ आणि २ चा हिशेब होतो. एसबीटीआयकडेही लहान उद्योगांसाठी सोपा मार्ग आहे. गळत्या, दिवे, मोटर, गाड्या या क्रमाने चला. मोठ्या ग्राहकाने प्रश्नावली पाठवली, तर तुमचा एकच तयार तक्ता त्याला द्या आणि मदत काय देणार हे त्याला विचारा.

व्यवसाय वाढतो आहे, म्हणून प्रति नग उत्सर्जन घटलं तरी एकूण वाढतं. हे प्रगतीत धरायचं का?

प्रति नग घट ही चांगली गोष्ट आहे, पण वातावरणाला एकूण टनच कळतात. मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये सांगितलं की २०२० पासून तिचं उत्सर्जन सुमारे २९ टक्क्यांनी वाढलं. त्याचं मोठं कारण डेटा सेंटरचं बांधकाम होतं. गुगलने त्याच वर्षी २०१९ च्या तुलनेत ४८ टक्के वाढ नोंदवली. दोन्ही कंपन्यांनी हे आकडे स्वतः छापले, हे योग्यच केलं. यातून घ्यायचं ते असं : वाढीचा प्रत्येक प्रस्ताव, नवा कारखाना असो वा नवं गोदाम, मंजुरीला येतानाच त्याच्या टनांसह यायला हवा. ते टन कुठून भरून काढणार, हे मंजुरीआधी ठरावं.

जाहिरातीत ‘कार्बन न्यूट्रल’ लिहावं का?

लिहू नये. ऑफसेटच्या, म्हणजे दुसरीकडच्या कपातीची क्रेडिट घेऊन केलेल्या भरपाईच्या, आधारे एखादी वस्तू हवामानाला निरुपद्रवी असल्याचा दावा करायला युरोपीय संघाने २०२४ च्या निर्देशाने बंदी घातली आहे आणि ती सप्टेंबर २०२६ पासून लागू होते. त्याऐवजी ‘अमुक वर्षापासून एकूण उत्सर्जन इतके टन घटलं’ असं लिहा.

लक्ष्य हुकणार असं दिसलं तर?

लवकर सांगा, कारणासह सांगा. ठरलेल्या मुदतीत तपासणीसाठी लक्ष्य सादर न केल्यामुळे २०० हून अधिक कंपन्यांची वचनबद्धता मार्च २०२४ मध्ये एसबीटीआयच्या यादीतून काढली गेली. त्यांतल्या काही कंपन्यांनी स्कोप ३ ची अडचण पुढे केली. ती अडचण खरी असते, आणि ती आकड्यांसह मांडली तर ऐकलीही जाते.

लक्ष्य हुकणं आणि लक्ष्य सोडणं यांत मात्र फरक आहे. बीपी या तेल कंपनीने २०२० मध्ये तेल-वायूचं उत्पादन दशकाअखेर ४० टक्क्यांनी घटवण्याचं ठरवलं, २०२३ मध्ये ते २५ टक्क्यांवर आणलं आणि २०२५ मध्ये सोडूनच दिलं. तुमच्यावर तशी वेळ येऊ नये म्हणून दरवर्षी तीन आकडे एकत्र प्रसिद्ध करा : या वर्षी किती घट ठरली होती, किती झाली, आणि उरलेली कोणत्या यंत्राच्या किंवा कोणत्या कराराच्या बदलातून कोणत्या तारखेपर्यंत भरून काढणार.